किती देते? उन्हाळी सफरीआधीचा थोडा हिशेब

अचलपूर-परतवाड्यात कुणी गाडी घेतली की मुबारकबाद नंतर, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती देते?" गाडी नवी असो नाहीतर पुण्या-नागपुराहून आणलेली आठ वर्षं जुनी, उत्तरही ठरलेलं असतं. "वीस-बावीस देते." मी अलीकडे पुढचा प्रश्न विचारायला लागलो आहे : मोजलं कसं? इथे बहुतेक जण गप्प होतात. कुणी डॅशबोर्डवरचा आकडा सांगतो, कुणी विकणाऱ्याने सांगितलेला, कुणी साडूच्या गाडीचा. गाडीचा अ‍ॅव्हरेज ही आपल्याकडे मोजायची गोष्ट नाही, सांगायची गोष्ट आहे.

आता मे महिना तोंडावर आहे. शाळा बंद, घरोघरी लग्नं, कुणाला सासुरवाडी गाठायची आहे, कुणाला मुलांना घेऊन चिखलदऱ्याला एक दिवस काढायचा आहे. पेट्रोल शंभराच्या वर जाऊन बसलंय त्याला बराच काळ झाला. अशा वेळी जो तो गाडीचा अ‍ॅव्हरेज वाढवायच्या मागे लागतो, आणि माझी तक्रार इथेच आहे. ज्याने फारसा फरक पडत नाही त्यावर आपण पैसे घालतो, ज्याला एक पैसा लागत नाही ते करत नाही, आणि पेट्रोल वाचवण्याच्या नावाखाली दोन-तीन गोष्टी अशा करतो की ज्यात माणूस जातो. मला आज मुख्यतः त्या दोन-तीन गोष्टींवर लिहायचं आहे. बाकीचं ओघात येईल.

आधी तो वीस-बावीसचा आकडा येतो कुठून ते पाहू. गाड्यांच्या मायलेजचे अधिकृत आकडे देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय ही सगळ्यांच्या ओळखीची. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही. प्रयोगशाळेत रोलरवर चाकं ठेवून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत-कमी करत चालवली जाते. त्या चाचणीत वेग नव्वदच्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हे ठीक आहे. पण पाच माणसं, डिकीत दोन बॅगा, पाण्याचा कॅन, आंब्याची पेटी, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत एसी चारवर आणि समृद्धी महामार्गावर काटा एकशे वीसवर, अशी चाचणी पुण्यात कुणी घेत नाही. ती आपण घेतो आणि मग "गाडी अ‍ॅव्हरेज देऊन नाई रायली" म्हणून गॅरेजवाल्याच्या मागे लागतो.

मोजायची रीत सोपी आहे. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडली की थांबा, त्यापुढे "अजून थोडं" करून ठासू नका. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. तीन-चारशे किलोमीटर चालवा. पुन्हा त्याच पंपावर, तसंच पहिल्या क्लिकपर्यंत भरा. जेवढे लिटर बसले तेवढ्याने किलोमीटरला भागा. सफरीआधी एकदा हे केलं की गाडी खरोखर आजारी आहे की आपल्या अपेक्षा आजारी आहेत ते कळतं. पंपाच्या मापावरच शंका असेल तर पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवणं बंधनकारक असतं. ते मागायचा आपल्याला हक्क आहे. शंभरऐवजी एकशे दहाचं पेट्रोल भरल्याने चोरी टळते, ही समजूत मात्र सोडून द्या. मशीनला तुमच्या दहा रुपयांचं काही वाटत नाही. पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळतं हेही तसंच. टाकी जमिनीखाली असते, तिथे दुपार आणि पहाट यांत फारसा फरक नसतो.

आता पहिली जीवघेणी समजूत : "उन्हाळा हाय, हवा कमीच ठेवा."

हे वाक्य मी आमच्या भागातल्या निदान चार टायरवाल्यांकडून ऐकलं आहे आणि चारही माणसं आपल्या कामात हुशार आहेत. त्यांचा तर्क असा की उन्हाने टायरमधली हवा फुगते, तेव्हा आधीच तीन-चार पौंड कमी ठेवली की टायर फुटणार नाही. ऐकायला पटतं. पण होतं नेमकं उलटं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. मिनिटाला शेकडो वेळा. तार हातात घेऊन मागे-पुढे वाकवली की ती वाकते तिथे गरम होते, तसंच टायरचं होतं. ही उष्णता बाहेरच्या उन्हात मिसळते, रबर आणि आतली दोऱ्यांची जाळी एकमेकांपासून सुटायला लागते आणि टायर फुटतो. जास्त हवेपेक्षा कमी हवेने टायर फुटण्याचा धोका मोठा असतो. हीच कमी हवा पेट्रोलही खाते, कारण टायर दाबण्यात गेलेली ताकद इंजिनाला द्यावी लागते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा आहे की चारही चाकांत एक पौंड हवा कमी झाली तर मायलेज साधारण 0.2 टक्क्याने घटतो. आकडा लहान वाटतो. पण आठ-दहा पौंड कमी हवेवर फिरणाऱ्या गाड्या आपल्याकडे ढीगभर आहेत.

तेव्हा किती हवा भरायची? पंक्चरवाला विचारतो, "किती टाकू?" आणि आपण तोंडाला येईल ते सांगतो. त्याचं उत्तर गाडीतच लिहिलेलं असतं. ड्रायव्हरचं दार उघडा, आतल्या खांबावर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर पुढच्या-मागच्या चाकांची हवा लिहिलेली असते, आणि बहुतेक गाड्यांत भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. सामान आणि पाच माणसं असतील तर तो दुसरा आकडा वापरा. हवा सकाळी तपासा, गाडी रात्रभर उभी असताना. दुपारी शंभर किलोमीटर चालवून आल्यावर गेज चार-सहा पौंड जास्त दाखवतो. ते बरोबरच आहे, कंपनीने तो हिशेब धरलेला असतो. त्या वेळी घाबरून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर असतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायचे असतील तर द्या, नुकसान नाही. पण साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, आणि तो फुकट आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडे एका छोट्या चौकटीत असतात. 1819 असेल तर 2019 सालच्या अठराव्या आठवड्यात तो टायर बनला. सेकंडहँड गाडी घेताना आपण बॉनेट उघडून इंजिन ऐकतो, सीट कव्हर पाहतो, पण हे चार आकडे कुणी वाचत नाही. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. आपल्याकडे गाडी वर्षात आठ हजार किलोमीटरसुद्धा फिरत नाही, त्यामुळे टायर झिजण्याआधी वाळतो. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर, बाजूला बारीक भेगा, आणि मे महिन्यात समृद्धीवर सलग चार तास. या तिन्ही गोष्टी एकत्र आणू नका.

समृद्धीचा विषय निघालाच आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि जून 2025 पासून सगळा, सातशे एक किलोमीटर, मुंबईच्या दारापर्यंत. आमच्या जिल्ह्यात तो धामणगाव, नांदगाव खंडेश्वरकडून जातो. रस्ता चांगला आहे, याबद्दल दुमत नाही. पण सुरुवातीला टायर फुटून इतके अपघात व्हायला लागले की परिवहन खात्याला शिरण्याच्या जागी माणसं उभी करून टायर तपासावे लागले आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत फिरवाव्या लागल्या. त्या गाड्या कुणाच्या असतात? ज्याला चार टायरचे वीस हजार एकदम काढणं जमत नाही, त्याच्या. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या.

तिथे कारला एकशे वीसची परवानगी आहे. परवानगी आहे म्हणजे हुकूम आहे असं आपण समजतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीच्या वेगाला हवा जेवढी मागे ढकलते, त्याच्या सव्वादोन पट एकशे वीसला ढकलते. लहान गाड्यांना, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना, याचा फटका जास्त बसतो, कारण एक लिटरचं इंजिन त्या वेगाला किंचाळत असतं. पेट्रोल संरक्षणासाठी सरकारने 1978 साली काढलेली पीसीआरए ही संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहे की पंचेचाळीस ते पंचावन्न हा वेग सगळ्यात काटकसरीचा. आजच्या महामार्गावर पंचावन्नने जा असं मी म्हणणार नाही, मागून ट्रकवाला उचलून नेईल. पण ऐंशी-नव्वद चालतं.

हिशेब मांडतो. माझी सासुरवाडी नाशिकला. जाऊन-येऊन साधारण अकराशे किलोमीटर धरा. गाडीने पंधराचा अ‍ॅव्हरेज दिला तर त्र्याहत्तर लिटर. एकोणीसचा दिला तर अठ्ठावन्न. पंधरा लिटरचा फरक, म्हणजे दीड हजाराच्या वर रुपये. समृद्धीवरचे सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर एकशे वीसऐवजी नव्वदने गेलं तर एका बाजूला तास-सव्वातास जास्त लागतो. या तासाला आपण काय करणार असतो? सासऱ्यांच्या बैठकीत बसून चहा पिणार असतो. निघताना सगळे मिळून सफरीची दुआ पढतो आणि नांदगावहून महामार्गाला लागलो की काटा एकशे तीसवर. त्या दुआचा आणि या काट्याचा मेळ मला अजून लागलेला नाही.

ज्यांना समृद्धी नको त्यांच्यासाठी जुना धुळे रस्ता आहेच. अमरावती-अकोला हा त्यातला तुकडा आठवा. कित्येक वर्षं खड्डे आणि वळवलेले रस्ते, दोन तासांच्या रस्त्याला चार तास. मग जून 2022 मध्ये लोणी ते माना असा पंचाहत्तर किलोमीटर डांबराचा पट्टा एकशे पाच तासांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. विक्रमाचं कौतुक करणाऱ्यांनी एक विचारायला हवं होतं : त्याआधीच्या वर्षांत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाड्यांनी किती पेट्रोल-डिझेल जाळलं? खराब रस्ता हा वाहनधारकावरचा कर आहे. त्याची पावती मिळत नाही एवढंच.

आता घाट. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून लिहितो.

अचलपूर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. धामणगाव गढीकडून जा की घटांगकडून, सातशेहून अधिक मीटर गाडी उचलावीच लागते. पाच माणसं धरून गाडीचं वजन तेराशे किलो धरलं, आणि इंजिन पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी साधारण पाव भागच चाकाला देतं हे लक्षात घेतलं, तर नुसतं उचलण्यासाठी एक-सव्वा लिटर पेट्रोल जातं. हे कुठल्याही युक्तीने वाचत नाही. डिसेंबर 1803 मध्ये गाविलगडावर चाल करताना इंग्रजांनी याच डोंगरांतून जड तोफा ओढून वर नेल्या होत्या, कित्येक दिवस लागले. डोंगर आपली किंमत घेतोच, तेव्हा बैलांकडून घेतली, आता पंपावर.

पण लोकांना हा एक-सव्वा लिटर उतरताना वसूल करायचा असतो. मग काय, वर पॉइंटवरून गाडी वळवली की न्यूट्रल. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. "उतारच हाय ना, पेट्रोल कायले जाळाचं?" खाली येईपर्यंत गाडी फुकटात आल्याचं समाधान.

ही सवय आली कुठून, हे समजून घेतलं पाहिजे, कारण ती अगदी मूर्खपणातून आलेली नाही. जुन्या अ‍ॅम्बेसेडर, फियाट, पेट्रोल जीप यांच्यात कार्बोरेटर होता. गिअरमध्ये उतरताना इंजिन चाकांबरोबर जोरात फिरायचं आणि प्रत्येक फेऱ्याला थोडं पेट्रोल ओढायचं. तेव्हा न्यूट्रल केल्याने थोडं वाचत असावं. आपल्या वडिलांनी, मामांनी गाडी अशा उस्तादांकडून शिकली आणि आपण त्यांच्याकडून. पण 2000 सालच्या आसपास आपल्या कारमध्ये इंजेक्शन आलं. आता किती पेट्रोल सोडायचं ते एक लहानसा संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला आहे आणि चाकं इंजिनाला फिरवत आहेत, हे कळलं की तो पेट्रोल पूर्ण बंद करतो. पूर्ण. शून्य थेंब. न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी त्याला पेट्रोल सोडावंच लागतं, तासाला अर्धा ते एक लिटर. म्हणजे ज्याला आपण बचत म्हणतो तो उलटा खर्च आहे.

आणि हे झालं फक्त पेट्रोलचं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. वळणामागून वळण, पाय सतत ब्रेकवर, डिस्क तापून लाल, पॅडची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओल शिरलेली असते, ती उकळून वाफ होते आणि पेडल एकदम मऊ पडून खाली जातं. पायाखाली काहीच लागत नाही. इंजिन बंद केलं असेल तर आणखी वाईट. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, पॉवर स्टिअरिंगही जातं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, दुसऱ्यात नाहीतर तिसऱ्यात. इंजिन घोंघावेल, घोंघावू द्या, तेच गाडीला धरून ठेवत असतं. आणि दोन वर्षांत ब्रेक ऑइल बदललेलं नसेल तर चिखलदऱ्याला जायच्या आधी ते बदला. सीट कव्हरपेक्षा स्वस्त पडतं.

मी हे घरात, मित्रांत इतक्यांदा सांगितलं आहे की आता लोक कंटाळतात. तरी सांगतो, कारण पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसलेली बाई आणि न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी हे दृश्य मी त्या घाटात दर उन्हाळ्यात पाहतो.

एसीबद्दल वाद पुष्कळ आहेत. माझं मत सरळ आहे : वऱ्हाडात मे महिन्यात म्हातारी माणसं आणि मुलं गाडीत असतील तर एसी लावा आणि पेट्रोलचा विचार सोडा. अकोल्या-अमरावतीची दुपार पंचेचाळीसच्या घरात जाते, तिथे काटकसरीसाठी उष्माघात पत्करणं हा हिशेब नव्हे. खिडक्या उघड्या ठेवून ऐंशीने जाण्यातही हवेचा विरोध वाढतोच. काटकसर करायचीच असेल तर उन्हात उभी राहिलेली गाडी आधी दोन-तीन मिनिटं सगळ्या काचा खाली करून चालवा, भट्टी बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. त्याहून चांगलं म्हणजे फजरची नमाज पढून लगेच निघा. ऊन डोक्यावर येईपर्यंत निम्मा रस्ता मागे पडतो, टायरही थंड, माणसंही.

टपावरचं कॅरिअर मात्र काढाच. लग्नाचा बस्ता आणायला म्हणून लावलेलं कॅरिअर पुढे दोन वर्षं तसंच असतं. त्यावर मोठी पेटी किंवा ताडपत्रीत बांधलेलं सामान असेल तर महामार्गावर दहा-पंधरा टक्के मायलेज सहज जातो. सामान डिकीत बसतंय तेवढंच न्या. पन्नासेक किलोला साधारण एक टक्का, त्यामुळे त्याची चिंता करू नका. वारा जास्त खातो, वजन कमी.

आता गॅरेज. आमच्या गावात गॅरेजची लाइन बरीचशी आपल्याच पोरांच्या हातात आहे. बारा-तेराव्या वर्षी पाना धुवायला लागलेली, कानाने इंजिन ओळखणारी पोरं. त्यांच्या हुनराबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे लिहितो. "अ‍ॅव्हरेज कमी झालाय" म्हटलं की पहिला हात एअर फिल्टरकडे जातो. कार्बोरेटरच्या काळात ते बरोबर होतं. फिल्टर कोंदला की हवा कमी, पेट्रोल जास्त, काळा धूर. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो. फिल्टर कोंदला तर गाडी ओढत नाही, पण मायलेजला फारसा धक्का लागत नाही. फेब्रुवारीनंतर आपल्याकडे इतकी धूळ असते की फिल्टर बदलायलाच हवा, पण तो इंजिनासाठी. मायलेज पळवणारा चोर बहुधा दुसरीकडे असतो : हँडब्रेकची अडकलेली केबल, चाकाला घासत राहणारा ब्रेक, खराब झालेला ऑक्सिजन सेन्सर, अडकलेला थर्मोस्टॅट. ब्रेकचा चोर फुकट पकडता येतो. दहा किलोमीटर, ब्रेक कमीत कमी वापरत चालवून आल्यावर चारही चाकांच्या जवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथे पेट्रोल चाललंय.

सेन्सरचा चोर पकडायला स्कॅनर लागतो आणि स्कॅनर काय बोलतोय ते वाचता यावं लागतं. कानाचं हुनर पुरं पडण्याचे दिवस सरत आले आहेत. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड असतो. गॅरेजात काम करणाऱ्या पोरांना आपण तिकडे पाठवत नाही, कारण "काम तर येतंच". दहा वर्षांनी बिजलीवर चालणाऱ्या गाड्या दारात उभ्या राहतील तेव्हा या पोरांचं काय, हा विचार उस्तादांनी आजच करायला हवा.

तेलाचंही तसंच. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं 5 डब्ल्यू 30, दुकानात मिळतं 20 डब्ल्यू 40, आणि सल्ला मिळतो "उन्हाळ्यात जाड तेल बरं". जाड तेलाने इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, एक-दोन टक्के तिथे जातात. मॅन्युअलमध्ये आहे तेच मागा, नसेल तर अमरावतीहून आणा. आणि पेट्रोलच्या नळीला लावायचं लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, डॅशबोर्डखाली खोचायचा "पॉवर सेव्हर", यांवर पैसे घालू नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशा शंभराहून अधिक वस्तू तपासल्या, लक्षणीय फायदा देणारी एकही सापडली नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या पायात नाही, गॅरेजवाल्याच्या हातातही नाही. ती पंपावर येते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि 2025 मध्येच गाठलं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, ही रसायनाची गोष्ट आहे, राजकारणाची नाही. नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात लिहिलं आहे की साध्या पेट्रोलसाठी बनवून दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचा मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या गाड्यांचा एक-दोन टक्क्यांनी. म्हणजे नवी गाडी घेऊ शकणाऱ्याला झळ कमी, जुनी सेकंडहँड घेणाऱ्याला जास्त. वर सांगितलेल्या नाशिकच्या सफरीत सहा टक्के म्हणजे चार लिटरहून अधिक, साडेचारशे रुपये. इथेनॉलला माझा विरोध नाही. परदेशातून येणारं तेल कमी झालं, शेतकऱ्याला पैसा मिळाला तर चांगलंच. अर्थात तो पैसा मुख्यतः उसाच्या पट्ट्यात जातो. आपला कापूस, तूर, संत्रा त्यात कुठे नाही, थोडाफार मका सोडला तर. माझी मागणी एवढीच आहे की पंपावर ठळक लिहा, यात किती टक्के काय आहे. कमी ऊर्जेचं इंधन त्याच भावात विकत असाल तर तो फरक गिऱ्हाइकाला कळू द्या, आणि जुन्या गाड्यांसाठी पर्याय ठेवा. याच मुद्द्यांवरची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली. कोर्टाने फेटाळलं म्हणून ग्राहकाचा प्रश्न मिटत नाही. तो ग्राहक मंचांनी, वाहनधारकांनी, आमच्या आमदार-खासदारांनी लावून धरायला हवा. आपण मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पेट्रोलमध्ये पाणी निघाल्याचे व्हिडिओ फिरवून मोकळे होतो.

हे सगळं लिहिल्यावर एक मित्र म्हणाला, "एवढ्यात तर एसटीनं जाऊन येईन." तो थट्टेत म्हणाला, पण हिशेब त्याचाच बरोबर आहे. दोघेच जाणार असाल तर परतवाडा आगारातून निघालेल्या एसटीइतका अ‍ॅव्हरेज जगातली कुठलीही कार देत नाही. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढच्यांना तिकीटच नाही. आई-वडील आणि बायको असा सफर असेल तर कारचा नुसता टोलसुद्धा महाग वाटायला लागतो. कार तेव्हाच परवडते जेव्हा ती भरलेली असते. आपल्याकडे एकाच लग्नाला एकाच मोहल्ल्यातून चार गाड्या निघतात, प्रत्येकीत दोन माणसं आणि मागच्या सीटवर शेरवानीचा डबा.

रेल्वेचं तर विचारूच नका. मूर्तिजापूर ते अचलपूर शहात्तर किलोमीटरची शकुंतला, नॅरोगेज, कापूस नेण्यासाठी इंग्रज कंपनीने टाकलेली. 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत होती. हळू होती, लोक हसायचे, पण मूर्तिजापूरला मुंबईची गाडी पकडून देत होती. आता रुळांवर गवत आहे. ब्रॉडगेजची मागणी होते, निवडणूक येते, आश्वासन मिळतं, गवत वाढतं. ज्या दिवशी ती गाडी अचलपूरहून पुन्हा सुटेल त्या दिवशी मी नाशिकला जायला टायरची हवा पाहणार नाही. तोवर निघण्याच्या आदल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, दाराच्या खांबावरची ती चिकटपट्टी वाचून चारही चाकांत आणि डिकीतल्या स्टेपनीतसुद्धा हवा भरून घ्या. स्टेपनी सगळेच विसरतात.